शेळ्यांसाठी गवत न्यायला येणाऱ्या आजींना, उशिरा का होईना

आजी, तुम्ही हे वाचणार नाही हे मला माहितीय. पण तुमची नात दिवसभर मोबाईलमध्ये असते, ती दाखवेल वाचून. आणि नाहीच दाखवलं तरी निदान जुळे सोलापुरातल्या चार लोकांना कळू दे की आमच्या परसात लॉनऐवजी रानातली झाडं आणि गवत लावायचं जे काय चाललंय ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही, सगळे मलाच शाबासकी देतात आणि मला आतून लाज वाटते.

तीन वर्षं झाली बघा. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तुम्ही विळा घेऊन बसला होता आणि कंपाउंडच्या आत मी लॉन लावत होते, तिसऱ्यांदा! मेमधलं आपलं ऊन, चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी, खाली घर बांधताना पसरलेला मुरूम, आणि मला हिरवंगार कार्पेट पाहिजे होतं. त्यात नर्सरीवाल्याने पाम आणि क्रोटन गळ्यात मारलेले. तुम्ही भिंतीवरून बघितलं आणि म्हणालात, "मॅडम, ह्या झाडांच्या पानाला एक बी भोक न्हाई. कोन खात न्हाई का ह्यास्नी?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कीडच लागत नाही याला. तर तुम्ही "मग कशाला लावलीस गं?" म्हणून परत खाली बसून गवत कापायला लागलात. मॅडमवरून डायरेक्ट गं वर! राग आला होता मला, खरं सांगते, पण रात्री भांडी घासताना पण तेच डोक्यात.

लॉन तिसऱ्यांदाही वाळलं. मग मी गुपचूप तुम्हाला चहाला बोलवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. तरवडाच्या शेंगा तुम्ही पदरात बांधून आणल्या होत्या, बिया दगडावर घासून रात्रभर भिजत टाकायला लावल्या, आणि खड्ड्यात टाकायला बांधावरच्या जुन्या बोरीखालची ओंजळभर माती. मला वाटलं देवाचं काहीतरी असेल. भाचा बीएस्सीला आहे, त्याने सांगितलं की त्या मातीत मुळांशी दोस्ती असलेल्या बुरशीचे धागे असतात, केसाहून बारीक. मूळ जिथे पोचत नाही तिथून ते पाणी आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ओढून आणतात आणि झाड त्यांना पानात बनवलेली साखर देतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद असलं तरी अडकून बसतं म्हणे, त्यामुळे हे धागे लाख मोलाचे, आणि मी दर महिन्याला पोतंभर खत आणि वर बुरशीनाशक ओतत होते. म्हणजे ज्याने ताटात वाढायचं त्यालाच मी हाकलत होते.

आणि तो बाभळीचा खुंट! प्लॉट घेतला तेव्हापासून कोपऱ्यात सडत होता. श्रावणात त्याच्या अंगावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या, पांढऱ्या, एका रात्रीत पंचवीस-तीस, आणि मी उकळतं पाणी घेऊन निघाले होते. तुम्ही भिंतीपलीकडून ओरडलात, "अगं, खाऊ नको, पन मोडू बी नको!" आता कळतं की छत्री म्हणजे नुसतं फळ, खरं झाड आत लाकडात पसरलेलं असतं. ही मुळांवरची बुरशी नव्हे, ही लाकूड खाणारी, मेलेल्या लाकडाची परत माती करते. खुंट आता बोटाने खरवडला तरी भुगा पडतो आणि खाली गोम, गोगलगाय, काळे किडे, सगळं खानदान नांदतं. आमच्या ह्यांना वाळवीची भीती होती, म्हणून घराच्या भिंतीजवळ लाकूड ठेवायचं नाही एवढा तह झालाय.

तरवड तर काय सांगू. चारातली तीन जगली आणि आता बारा महिन्यांतले निम्मे महिने पिवळीजर्द असतात. फुलात मध नसतो, तरी काळा भुंगा येतो, फुलाला लटकून अंग थरथरवतो, घुर्रर्र आवाज येतो आणि त्या हादऱ्याने पराग बाहेर सांडतो. चहा घेऊन मी हेच बघत बसते. मागच्या वर्षी बठुकम्माच्या, म्हणजे तेलुगू लोकांच्या फुलांच्या सणाच्या वेळी पूर्व भागातून कामाला येणाऱ्या अक्का एकदम थबकल्या, "अय्यो, तंगेडू!" म्हणाल्या. त्यांच्यात हे फूल लागतंच, आणि शहरात मिळत नाही म्हणून त्या दरवर्षी लांबून आणायच्या. आता नवरात्राआधी त्यांचा पहिला हक्क आमच्या परसावर.

रुईवरून मात्र घरात भांडण झालं, दारात रुई नको म्हणे. मी म्हणलं शनिवारी मारुतीला पानं विकत आणता ते चालतं का, मग सासूबाई माझ्या बाजूला आल्या. आता त्या रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या असतात, सगळी पानं फस्त करतात, आणि मग केशरी फुलपाखरं निघतात. रुईचा विषारी चीक अळीच्या अंगात मुरतो म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. पूर्वी मी कढीपत्त्यावरच्या अळ्या, त्या चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, चिमट्याने काढून फेकायचे. तुम्ही म्हणालात, "फोडनीला दोन पानं कमी पडली तर काय बिघडतंय." काही बिघडलं नाही आजी.

क्रोटन अजून आहे एक. त्याच्या पानाला अजून भोक नाही. ठेवलाय असाच, आठवण म्हणून.

लॉनच्या जागी मारवेल आणि कुसळी आहे आता, तुमच्या नान्नजकडच्या माळावरची. तिकडचं माळढोकाचं अभयारण्य १९७९ चं, पण तो पक्षी तुम्ही लहानपणी शेळ्या राखताना बघितलेला, मी सोलापुरात जन्मून फक्त फोटोत. माझ्या दहा बाय पंधराच्या तुकड्यात माळढोक येणार नाही हे मलाही कळतं! पण वटवट्याने गवताशेजारच्या तरवडात घरटं केलं होतं, पानं शिवून, एवढं छोटं की ह्यांना दाखवलं तरी दिसेना.

दिवाळीपासून तुम्ही आला नाहीत. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम निघालंय, तिथलं गवत गेलं, म्हणून येत नसाल. इथलं गवत पण तुमचंच आहे ओ. कुसळीची टोकं आता काळी व्हायला लागलीत, नंतर शेळ्यांच्या तोंडात रुततील, तुम्हीच सांगितलं होतं, तर त्याच्या आत विळा घेऊन या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तयार ठेवते. फक्त मागच्या गेटने या, पुढच्या गेटला रुई ओणवी झालीय आणि अळ्या भरपूर आहेत, पदराला लागतील.