फराहबागेच्या तळ्यात पाणी हवे

संपादक महोदय,

नाशिकहून अहिल्यानगरला गेलेली माणसे बहुधा भुईकोट किल्ला आणि रणगाडा संग्रहालय पाहून परततात. संग्रहालयाजवळच असलेली फराहबाग पाहायला फार थोडे जण वाट वाकडी करतात आणि जे जातात, तेही ‘पडका महाल’ म्हणून दोन छायाचित्रे काढून निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिल्या मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत, 1583 मध्ये, त्याचा वजीर सलाबतखान याने पूर्ण केलेली ही वास्तू मुळात राहता राजवाडा नव्हे, तर उन्हाळा सुसह्य करणारा बागमहाल आहे. (ज्याला आपण सर्रास ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो, ती डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत याच सलाबतखानाची कबर आहे.) तळ्याच्या मधोमध अष्टकोनी दगडी महाल, चारही दिशांना दोन मजले उंचीच्या कमानी आणि मध्ये थेट घुमटापर्यंत मोकळे दालन, अशी तिची रचना आहे. वारा पाण्यावरून येऊन कमानींतून आत शिरावा, गरम हवा घुमटाकडे चढावी आणि जाड भिंतींनी दुपारची झळ बाहेरच थोपवावी, हे सारे त्या आराखड्यातच आहे. वैशाखातल्या भर दुपारी मी त्या दालनात उभा होतो. बाहेर पाय ठेववत नव्हता, आत भिंतीला लावलेला तळहात मात्र गार पडला. तळे कोरडे असताना ही स्थिती, तर ते भरलेले असताना काय असेल!

म्हणूनच डागडुजीचा विचार इमारतीपाशी थांबू नये. तळे हा या वास्तूचा निम्मा भाग आहे. खापरी नळांनी लांबून पाणी आणणाऱ्या त्या शहराला, निदान पावसाचे पाणी या तळ्यात साठवणे अवघड जाऊ नये.

दुसरी विनंती चुन्याविषयी आहे. जुन्या नाशकातील आमच्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर गवंड्याने सिमेंटचा गिलावा चढवला. दोन पावसाळ्यांत ओल आतच कोंडली, लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटला आणि दगडाचे पापुद्रे बोटाने निघू लागले. फराहबागेच्या गिलाव्याला हात लावण्याआधी संबंधितांनी चुन्याचे काम जाणणारे कारागीर शोधावेत आणि सिमेंटचे पोते त्या आवारात येऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक