उपचारानंतरच्या वर्षासाठी हातभार लावा : मानेवाडा परिसरातील रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी आमच्या व्यसनमुक्ती सहाय्य गटाची बैठक भरते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दारू सोडलेले, सोडू पाहणारे आणि त्यांच्या घरची मंडळी तिथं येतात. आज आम्ही आपल्याकडे मदत मागतो आहोत ती एका ठरावीक कामासाठी: माणूस दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं पहिलं वर्ष निभावून नेण्यासाठी.

भरती व्हायला नागपुरात जागा आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. काही आठवडे तिथं राहून माणूस परततो तेव्हा हाताचा कंप गेलेला असतो, भूक लागायला लागलेली असते, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. आणि इथंच सगळे हात काढून घेतात. पुढच्या तपासणीला न्यायला कुणी नसतं. गोळ्या संपतात. मजुरांच्या ठिय्यावरचे जुने सोबती रोज भेटतात. पोळा येतो, दुसऱ्या दिवशीच्या पाडव्याला गल्लीत दारूच्या बैठका बसतात, आणि चार महिने कोरडा राहिलेला माणूस त्या एका दिवसात घसरतो. मग शेजारीपाजारी म्हणतात, "एवढा पैसा लावला, गेला पाण्यात."

तो पाण्यात गेलेला नसतो. व्यसन हा मेंदूचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. सुख, सवय आणि स्वतःला आवरणं ज्या भागांच्या हाती असतं, त्या भागांची घडीच वर्षानुवर्षांच्या दारूने बदलते. ती पूर्ववत व्हायला महिने लागतात, कधी वर्षं. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या घरात असल्याचं संशोधन सांगतं. दमा आणि रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण याहून कमी नाही. बीपी वाढलं म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही, गोळी बदलून आणतो. घसरलेल्या माणसालाही तेवढ्याच तातडीने पुन्हा डॉक्टरकडे न्यावं लागतं.

दोन गोष्टी आम्हाला जीव तोडून सांगायच्या आहेत, कारण त्यांनी माणसं दगावतात.

पहिली, रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडणं. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमात जाऊ शकतो. घाम, ताप, छातीत धडधड, आणि डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टी दिसणं. "दोन दिवस झाले सोडून, आता भिंतीवर मुंग्या दिसून रायल्या त्याले," असं सांगत बाया आमच्याकडे येतात, आणि घरात तोवर कुणीतरी बाहेरचं लागलं म्हणून उतारा काढलेला असतो. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. अशा वेळी ऑटो करा, १०८ ला फोन लावा, पण दवाखाना गाठा. तिथं योग्य औषधांनी आणि थायमिन या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी तो सावरतो. थायमिनच्या कमतरतेकडे दुर्लक्ष झालं तर स्मरणशक्ती आणि चाल कायमची बिघडू शकते.

दुसरी, "न कळत दारू सोडवा" अशा जाहिरातींची पुडी. भाजीत, चहात कालवून दिल्या जाणाऱ्या अशा पुडीत काय आहे, ते घरात कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. ते पोटात असताना दारू प्यायलं तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला हे माहीतच नाही तो पिणारच. लेकराबाळांसाठी बायको हे करते, तिची तगमग आम्ही जाणतो. तिला आधी आमच्याकडे पाठवा.

दारूसोबत इतर आजारही घरात येतात. यकृत सुजतं, शुगर आणि बीपी हाताबाहेर जातं, टीबीची शक्यता वाढते आणि टीबीच्या गोळ्या मध्येच सुटतात. नैराश्य तर अनेकांना असतं. ते आधीचं की दारूनंतरचं, हे डॉक्टरच सांगू शकतात, पण दोन्हींवर एकत्र उपचार झाले नाहीत तर एकही टिकत नाही.

आणि आपल्या नागपूरचा, सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा. दारू सोडलेला माणूस दिवसाला दोन खर्रे जास्त घोटवून घेतो आणि घरचे म्हणतात, चला, तेवढं तर चालते. चालत नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तसं जाहीर केलं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी कोपऱ्यावर प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटला जातोच. तोंडात तीन बोटं उभी शिरत नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, तर मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लगेच दाखवा. आमच्या बैठकीला येणारी पस्तिशीतली काही पोरं पोळीचा घासही नीट घेऊ शकत नाहीत.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या विळख्यात अडकलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसली तरी मदत मिळते. आपल्या वस्तीपुरतं हे चित्र बदलायला आम्हाला काय हवं, ते मोकळेपणाने सांगतो.

पैसा हवा, पण एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा महिन्याला दोनशे-तीनशे रुपये वर्षभर दिलेत तर आमचं काम जास्त होईल, कारण रुग्णाची गरजही वर्षभराची आहे. या पैशातून तपासणीला जाण्या-येण्याचं भाडं, सरकारी दवाखान्यात न मिळालेली औषधं, शुगर मोजायच्या पट्ट्या आणि रोजी बुडालेल्या दिवसाचा शिधा एवढंच भागवलं जाईल. रोख पैसे थेट कुणा रुग्णाच्या हाती देऊ नका, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी. वाचनालयाच्या कार्यालयात भरा आणि पावती घ्या. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल.

पैशाहून अवघड मागणी दुसरी आहे. ज्यांचं दुकान, गॅरेज, बांधकामाचं काम आहे, त्यांनी उपचार घेऊन आलेल्या एका माणसाला कामावर ठेवावं आणि पगार आठवड्याला, शक्यतो खात्यात द्यावा. गाडी असलेल्यांनी रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवण्यासाठी नाव नोंदवावं. निवृत्त परिचारिका, समुपदेशक यांनी महिन्यातले दोन तास द्यावेत. बायकांच्या वेगळ्या बैठकीसाठी दुपारची एक खोली हवी आहे. नवऱ्यासमोर त्या बोलत नाहीत, आणि सर्वांत जास्त सोसलेलं त्यांनीच असतं. ज्यांनी स्वतः दारू सोडून वर्षं झाली, ते दादा-काका रविवारी नुसते येऊन बसले तरी नव्या माणसाला धीर येतो. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांनी एकमेकांना आधार देत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या परस्पर-मदत संघटनेची सुरुवात केली ती याच जोरावर.

येणाऱ्याचं नाव खोलीबाहेर जात नाही. रविवारपर्यंत थांबण्यासारखी स्थिती नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मानसिक त्रासासाठी १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी समुपदेशन सेवा दिवसरात्र, मराठीतही, मोफत मिळते.

मदतीची नावनोंदणी वाचनालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ सुरू आहे. पोळ्याच्या आधीच्या रविवारी विशेष बैठक आहे; पाडव्याचा दिवस कसा काढायचा, कोण कुणासोबत थांबणार, हे तिथं ठरेल. दिवसभर सोबत थांबू शकतील अशी माणसं आम्हाला त्या दिवसासाठी हवी आहेत. कृपया यावं.

आपले,
व्यसनमुक्ती सहाय्य गटाचे सर्व सदस्य
मानेवाडा परिसर, नागपूर