‘पितळेसाठी पूर्ण सुरक्षित’ लिहिलेल्या क्लीनरने टोप्या तडकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून आम्ही ओल्या पॉलिशचे बॅरल (पाणी, पिना आणि माल एकत्र फिरवून चमकवायचे पिंप), त्यात घालायच्या स्टेनलेस पिना आणि पितळ क्लीनरचा कॅन घेतला. त्यात धुतलेल्या आमच्या पितळी पत्र्याच्या टोप्या तडकल्या. बॅरलबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार क्लीनर आणि पिनांची आहे, त्यात क्लीनरची गंभीर.

कॅनवर ‘पितळेसाठी पूर्ण सुरक्षित’ असे छापले आहे, पण आत काय आहे ते कुठेच नाही. बूच काढताच नाकाला झोंबते. हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागद कॅनच्या तोंडावर नुसता धरला तरी लाल होतो आणि वाळला की पुन्हा पिवळा पडतो. साबणातला क्षार वाफेतून असे करत नाही. हा अमोनियाच आहे. टोप्या काढल्यावर बॅरलमधले पाणी गर्द निळे निघाले. अमोनियात पितळेतले तांबे विरघळले की हाच रंग येतो.

आमच्या टोप्या 70:30 पितळेच्या (70 टक्के तांबे, 30 टक्के जस्त), प्रेसवर ड्रॉ केलेल्या, म्हणजे थंड पत्रा साच्यात दाबून खोल ओढलेल्या. बंदुकीच्या काडतुसाचे केस याच धातूचे आणि याच पद्धतीने होतात. थंड ड्रॉमध्ये धातूत ताण साठतो आणि त्याला अमोनिया व ओल मिळाली की पितळ आतून फाटते. बॅरलमधून काढताना माल झकास चमकतो. नंतर रॅकवर पडल्या पडल्या तोंडापासून खाली उभी, केसाएवढी चीर उतरते. नख फिरवले की लागते. ब्रिटिश अमदानीत तबेल्यात ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया त्याला कारण, हे 1921 पासून छापील माहिती आहे. पितळ क्लीनर विकणाऱ्या कंपनीला ते ठाऊक नसावे, हे पटत नाही.

त्याच लॉटमधल्या ज्या टोप्या 250 ते 275 अंश सेल्सिअसला तासभर भट्टीत ठेवून ताण काढला होता, त्यांना चीर नाही. ताण न काढता साध्या भांडी धुण्याच्या लिक्विडने धुतलेल्यांनाही नाही. म्हणजे दोष पत्र्याचा नाही, प्रेसचाही नाही.

सोबतच्या पत्रकात बॅरलला अर्धी वाटी लिंबूसत्त्व घालायला सांगितले आहे. 4 लिटर पाण्याला पाव चमचा पुरतो. जास्त झाले किंवा माल त्यात फार वेळ राहिला, तर जस्त निघून तांबे वर राहते आणि पितळ गुलाबी पडते.

पिना 1.2 मिमी जाडीच्या, 6.5 मिमी लांबीच्या लिहून दिल्या होत्या. व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या मापकावर) जाडी 1 मिमी भरते. टोपीच्या बुडाला 2 मिमीचे भोक आहे, त्यात 1.2 च्या दोन पिना शिरूच शकत नाहीत, 1 च्या दोन मात्र शेजारी शेजारी घट्ट बसतात आणि दाभणाने एकेक टोकरून काढाव्या लागतात. शिवाय पिनांना गंज चढला आहे. चुंबकाला चिकटतात म्हणून आमची तक्रार नाही, ओढून तार केलेले 304 जातीचे स्टेनलेस थोडे चिकटतेच. पण साध्या पाण्यात ते असे गंजत नाही.

तडकलेल्या टोप्यांची भरपाई, क्लीनरचे पैसे परत आणि योग्य मापाच्या पिना 15 दिवसांत मिळाव्यात. उरलेल्या कॅनवर अमोनिया असल्याचे आणि ड्रॉ केलेल्या पितळेला तो न वापरण्याचे ताबडतोब छापा. चिरलेल्या टोप्या, कॅन आणि पिनांचा नमुना आमच्याकडे जपून ठेवला आहे; आपला माणूस येऊन पाहू शकतो. उत्तर न आल्यास कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

आपले,
पितळकाम कारखानदार
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर