गुलाबी थंडी तुमची, गुलाबी मणी आमचे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लिहायचं कारण जरा गमतीचं आहे. परवा दुपारी द्राक्षबागेत घडांना पेपर लावत होते तर हातात आलेलं पान तुमच्याच पेपरचं निघालं, मागच्या वर्षीचं, आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'गुलाबी थंडीने जिल्हा सुखावला'. तेच पान घडाला गुंडाळलं, पिन मारली आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या ओळीत सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या बाया होत्या, त्यातली एक म्हणे काय झालं वहिनी, आता तिला काय सांगणार.

द्राक्षवाले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ऑक्टोबर छाटणी झाली की जानेवारीच्या सुमारास मण्यात पाणी उतरायला लागतं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला सुरुवात होते. नेमकं तेव्हाच रात्री थंडी कडक आणि दुपारी ऊन चटका देणारं असं झालं की आमच्या थॉमसन जातीच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. पिंक बेरी म्हणतात त्याला. दिसायला छान असतं हो, पण एक्स्पोर्टवाला घड हातात घेतो, उलटा करून बघतो, चार गुलाबी मणी दिसले की घड बाजूला, मग तो लोकलला जाईल त्या भावात. म्हणून पाणी उतरायच्या आत एकेक घड पेपरनं झाकायचा. आमची लागण ९ बाय ५ फुटांवर आहे, एकरी साडेनऊशेच्या वर झाडं, झाडाला ३०-३२ घड धरले तरी एका एकराला ३० हजार कागद लागतात. अख्खं पान नाही, अर्धं. तुमच्या रविवारच्या पुरवणीचा गुळगुळीत कागद कामाचा नाही, पिनेला फाटतो, साधं पान बरं. रद्दी आम्ही किलोवर विकत आणतो बरं का, म्हणजे तुमचा पेपर आमच्या घरात दोनदा विकत येतो, एकदा वाचायला नि एकदा गुंडाळायला.

तर मुद्दा असा की थंडी पडली की तुमच्याकडं निफाडचं नाव ठरलेलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा येतो, निफाड ६ अंश, निफाड ५ अंश, सोबत नांदूरमधमेश्वरच्या पक्ष्यांचा फोटो आणि स्वेटर घातलेली पोरं. पक्षी आम्हालाही आवडतात, पाव्हणे आले की आम्हीच घेऊन जातो दाखवायला. पण तो आकडा कालच्या पहाटेचा असतो, आणि आम्ही कादवा नदीच्या काठाला, आमच्या बागेत केंद्रापेक्षा एखाद अंश कमीच भरतो. २०१८ च्या डिसेंबरात निफाडचा पारा २ अंशांच्याही खाली गेला होता, त्या सकाळी पानांवर दव गोठलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, नाना (माझे सासरे) बांधावर उभे राहून काहीच बोलत नव्हते आणि ते बोलत नाहीत तेव्हा समजायचं काय ते. ४ अंशांच्या खाली गेलं की मण्यांना तडे जायला लागतात आणि तडा गेलेला मणी घडातले शेजारचे पण खराब करतो.

त्या दिवसांत आमच्या घरात झोप पाळीपाळीनं होते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, असं झालं की नाना जेवतानाच सांगतात, आज उठावं लागंल. तीन वाजता हे उठून मोटर चालू करतात कारण विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, ड्रिपनं जमीन ओली राहिली की बागेत थोडी ऊब धरते. नाना आणि पोरगा बांधाबांधानं धूर करतात. पोरगा दहावीला आहे, प्रिलिम तोंडावर, तरी उठतो, मी नको म्हणते ते वेगळं. एप्रिल छाटणीची काडी आम्ही यासाठीच रचून ठेवलेली असते, त्यावर ओलं पाचट टाकायचं म्हणजे जाळ न होता धूर होतो नि बागेवर पसरून राहतो. मी आणि सासूबाई चहा करून नेतो. तीनेक वर्षांपूर्वी तुमचे फोटोग्राफर पहाटे रस्त्यानं चालले होते, थांबले, नानांचा फोटो काढला, आम्ही चहा पण दिला. दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापून आलं 'शेकोटीची ऊब घेताना शेतकरी'. गावात लोकं नानांना आठवडाभर ऊब लागली का म्हणून चिडवत होते. अहो साहेब ती ऊब द्राक्षांसाठी होती, माणूस आपला उगाच शेजारी उभा होता.

आता लाईटचं. शेतीला लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसा लाईट द्या ही सगळ्यांचीच मागणी आहे, आमची पण आहे, रात्री विहिरीवर जायचं म्हणजे उसाच्या कडेनं जायचं, आणि ऊसतोड सुरू झाली की बिबट्या बाहेर पडतो, नोव्हेंबरात आमचा कुत्रा त्यानंच नेला. हे जाताना मोबाईलवर मोठ्यानं भजनं लावून जातात, हातात बॅटरी आणि काठी. पण खरं सांगू का, जानेवारीत आम्हाला रात्रीची पाळी आली की बरं वाटतं, दिवसाच्या पाळीत सकाळी आठला लाईट येऊन काय उपयोग, थंडी आपलं काम करून गेलेली असते. हे वाक्य लिहिताना मलाच कसंतरी होतंय, नवऱ्याला बिबट्याच्या वाटेनं पाठवायची पाळी आली म्हणून बरं वाटतं असं कुणी लिहील का. पण आहे हे असं आहे.

तसं थंडीत सगळं वाईटच असतं असं नाही. सासूबाईंच्या हातचे कुळथाचे शेंगोळे, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, बागेत बायांबरोबर बसून खाल्लेला ठेचा, हे पण याच दिवसांतलं. फक्त लग्नं राहून जातात. माहेरचं एक लग्न गेल्याच महिन्यात चुकलं, डिपिंगचा दिवस होता (मणी फुगायला घड जीए नावाच्या संजीवकाच्या पाण्यात बुडवतात), जीएचं पाणी कालवून ठेवलेलं, मजुरांची टोळी आलेली, कशी जाणार. भाऊ अजून नीट बोलत नाही. आणि २०२३ ला २६ नोव्हेंबरच्या रविवारी गारा पडल्या तेव्हापासून ढग आले की पोटात गोळा येतो, त्या साली पेपर लावायला घडच राहिले नव्हते.

तर विनंती एवढीच, कालच्या पाऱ्याच्या शेजारी पुढच्या दोन रात्रींचा अंदाज छापत जा, तालुकावार. मोबाईलवर असतो सगळा, पण नाना मोबाईल बघत नाहीत, त्यांचा तुमच्या पेपरवर विश्वास आहे, फोटोचं एवढं होऊनसुद्धा. आणि निफाडच्या बातमीला गुलाबी थंडी म्हणू नका, शहरात काय म्हणायचं ते म्हणा. नाव छापलं नाही तरी चालेल, भाऊ वाचतो तुमचा पेपर.

चूक भूल माफ करा, हे पत्र बागेतच बसून लिहिलंय आणि अजून चार ओळींचे पेपर लावायचे बाकी आहेत.

आपली,
एक द्राक्षवाली, ता. निफाड, जि. नाशिक