चक्र दैवाचे कसले?

मा. संपादक,

पणजीच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांविषयीच्या परवाच्या बातमीला आपण ‘दैवाचे चक्र’ असा मथळा दिलात. त्याच अंकात हेल्मेटशिवाय दुचाकी हाकणाऱ्यांच्या नावे ‘रशियन रूलेट’ही आले. रशियन रूलेटबद्दल माझी तक्रार नाही. सहा घरांचे रिव्हॉल्व्हर, एक गोळी, जिवाशी खेळ. उपमा चालून जाते. दैव मात्र खटकले. जन्मभर गणित शिकवले, त्यामुळे राहवत नाही.

कॅसिनोतले ते जुगाराचे चक्र म्हणजे रूलेट, आणि रूलेट म्हणजे फ्रेंचमध्ये लहानसे चाक, बस्स. शिंप्याचे कापडावर खुणा उमटवणारे दातेरी चाक तिकडे रूलेटच, आणि पिठाच्या कडा कापायचेही. म्हणजे चवथीच्या नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, कड देणारे आमच्या घरातले पितळी कातणसुद्धा रूलेटच झाले की! टपालतिकिटे जमवणाऱ्यांचे रूलेट आणखी वेगळे: दोन तिकिटांमध्ये भोके न पाडता नुसत्या बारीक चिरा द्यायच्या. आणि आम्हा गणितवाल्यांचे सर्वांत देखणे. डब्याच्या झाकणाच्या काठाला खडूचा तुकडा चिकटवून मी झाकण फळ्याच्या खालच्या पट्टीवरून घरंगळवीत नेत असे. फळ्यावर कमानीमागून कमानी उमटत. मागची बाकेसुद्धा गप्प व्हायची. या वक्रावर फ्रेंच गणिती पास्कलने 1658 मध्ये लिहिले, तेही रूलेट याच नावाने. जुगाराचे चाकही त्यानेच शोधले असे सर्रास सांगतात. पुरावा तोकडा आहे.

आता जहाजावरचे चाक. फिरत्या चाकात गोळी सोडतात, ती कोणत्या आकड्याच्या, लाल की काळ्या घरात थांबेल यावर पैसे लावायचे. 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश नाही, तेव्हा मी ते पाहिलेले नाही. पुण्याचा भाचा मात्र रात्री जाऊन आला आणि सकाळी चहा घेताना म्हणाला, “मामा, सलग सहा वेळा लाल आला, म्हणून सगळे काळ्यावर लावले.”

“मग?”

“सातव्यांदाही लालच.”

मोंटे कार्लोच्या कॅसिनोत 1913 साली काळा ओळीने 26 वेळा आला होता. आता तरी लाल येणारच म्हणून लोक लालवर पैसे ओतत राहिले आणि धुऊन निघाले. चाकातल्या गोळीला मागचे काही आठवत नसते, एवढे साधे आहे.

आणि हिशेब तर चौथीच्या पोराला जमेल. एका शून्याच्या चाकाला घरे 37. प्रत्येक आकड्यावर शंभर रुपये लावा, 3700 झाले. एक आकडा लागणारच. त्याचे पस्तीसपट आणि तुमचे शंभर मिळून हातात येतात 3600, तोटा शंभराचा. अमेरिकी चाकाला दोन शून्ये, म्हणजे घरे 38, तोटा दोनशेचा. ‘फासा पडे तो डाव’ म्हणायची इथे सोयच नाही. मालकाचा वाटा आधीच कापून घेतलेला असतो, आणि आपण मथळ्यात बिल फाडता दैवाच्या नावावर! पुढच्या बातमीत चौकट करून हे दोन आकडे छापावेत, एवढीच विनंती.

भाच्यालाही मी ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवले. त्याने तेवढा कागद फाडून नीट खिशात घातला, आणि दुपारी पणजीची शेवटची बस किती वाजता म्हणून विचारू लागला.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, डिचोली