कवळीचा हिशेब मांडून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षी रूट कॅनालसाठी तुम्ही सांगलीच्या माझ्या दवाखान्यात आलात, तेव्हा मी फार थकले होते. दिवसभर खुर्ची रिकामी नसायची, तरी कर्जाचा हप्ता भरताना ओढाताण व्हायची. बोलता बोलता हे तुमच्यापाशी निघालं. साखर कारखान्याच्या कॉस्टिंगमध्ये, म्हणजे खर्चाच्या हिशेबात, उभी हयात घालवलेले तुम्ही, दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन बाकावर येऊन बसलात. चौदा दिवस! पेशंट खुर्चीत कधी बसला, कधी उठला, हत्यारांचा ट्रे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या यंत्रात, किती वेळा गेला, सगळं तुम्ही टिपलंत.

कवळीत मला सर्वांत जास्त सुटतं, असं मी छातीठोकपणे सांगायचे. फी बारा हजार, लॅब आणि साहित्याचे चार हजार, हातात आठ. तुम्ही भाडं, वीज, पगार, हप्ता आणि मी कधीच न धरलेला माझा स्वतःचा पगार, असे महिन्याचे १,४४,००० काढलेत. खुर्चीचे तास मी २०० सांगितले. तुम्ही ते खोडून १६० लिहिलेत, कारण साफसफाई, फोन आणि न आलेले पेशंट यांत बाकीचे जातात. मिनिटाला १५ रुपये पडले.

मग कवळी मांडलीत. मापं, चावा (वरचा-खालचा जबडा कसा जुळतो त्याची नोंद), मेणाची ट्रायल, बसवणं अशा पाच बैठका, आणि हिरडीला टोचते म्हणून आणखी चार फेऱ्या. ३०५ मिनिटं, शिवाय नऊ ट्रे निर्जंतुक करायचा खर्च. आठ हजारांतले तीन हजारही उरले नाहीत, म्हणजे मिनिटाला साडेनऊ रुपये. हजार रुपयांचं स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, अर्ध्या तासात होतं, त्यात सगळा खर्च वजा जाता मिनिटाला १५ उरतात. मी ते पान तीनदा वाचलं.

हार्वर्डच्या कॅप्लन आणि कूपर यांनी ही 'ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग' पद्धत १९८० च्या दशकात मांडली, हे तुम्ही सांगितलंत. मला कळलं ते एवढंच, की खर्च सगळ्या सेवांवर सरसकट वाटायचा नाही. तो ज्या कामामुळे होतो, त्याच्याच खात्यावर टाकायचा. लॅबचं बिल कागदावर येतं म्हणून दिसत होतं, फेऱ्यांचं बिल कुणी पाठवतच नव्हतं.

मी कवळ्या बंदच करायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "कवळी बंद करू नकोस पोरी, चौथी फेरी बंद कर." खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या माझ्या आज्यांना भाकरी चावता येते ती त्या कवळीमुळेच, हे तुम्ही बाकावर बसून पाहिलं होतं. आता चाव्याची नोंद घेताना मी वीस मिनिटं जास्त देते, घाई करत नाही.

वही ऑटोक्लेव्हशेजारच्या खणात आहे. नोंदी आता आमच्या सहायक ताई घेतात. परवा त्यांनी पान पुढे केलं: कवळीमागे दुरुस्तीच्या फेऱ्या चारावरून दोनावर आल्यात. लगेच फोन लावणार होते, पण हे तुम्हाला चारचौघांत, लिहूनच सांगायचं होतं.

तुमची,
दातांची डॉक्टर