कीकॅपच्या डब्यावर मापं छापा ना बाप्पा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजकाल नागपुरातल्या पोट्ट्यांना मेकॅनिकल कीबोर्डचा नाद लागलाय, लागू द्या, पण बर्डीवर घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, कीकॅपच्या (म्हणजे कीवरच्या अक्षरं छापलेल्या टोप्यांच्या) डब्यावर एकच ओळ असते, "सर्व मेकॅनिकल कीबोर्डला बसतो". हे अर्धंच खरं आहे.

कीखालच्या स्विचचा दांडा चेरी एमएक्स या स्विचसारखा, म्हणजे अधिकच्या चिन्हाचा असला की कॅप त्यावर बसते, एवढाच त्याचा अर्थ. पुढं सगळा मापाचा खेळ. अक्षराच्या एका कीची जागा 19.05 मिमी, त्याला 1 यू म्हणतात. स्पेसबार बहुतेक बोर्डांवर 6.25 यू असतो, काही कस्टम बोर्डांवर 7 यू, आणि तिथं कंट्रोल-अल्टही 1.25 चे नाही तर 1.5 चे लागतात. छोट्या 65 टक्केवाल्या बोर्डात बाणांच्या की घुसवायच्या म्हणून उजवा शिफ्ट 2.75 वरून 1.75 वर आणलेला असतो. मग अक्षरं मस्त नवीन आणि शिफ्ट, स्पेसबार जुनेच, नव्या सदऱ्याला जुनी बटणं लावल्यासारखं. माझ्या भाच्यानं आणलेल्या सेटचं हेच झालं, दुकानदार म्हणे पाकीट फोडलं ना भाऊ, आता वापस नाही होत.

ज्यांना नेहमीचा क्वर्टी लेआउट (अक्षरांची मांडणी) सोडून ड्वोराक, कोलमाक वापरायचंय त्यांचे तर अजूनच हाल. चेरी, ओईएम, एसए या प्रोफाइलमध्ये, म्हणजे कॅपच्या घडणीच्या प्रकारांत, दर ओळीच्या कॅपची उंची नि उतार वेगळा असतो, त्यामुळे अक्षरं इकडची तिकडं लावली की बोर्ड खडबडीत होतो, आणि एफ-जेवरचे ते बोटाला लागणारे उंचवटे कोलमाकमध्ये वरच्या ओळीत जाऊन बसतात, जिथं त्यांचा काही उपयोग नाही. अशांनी डीएसए किंवा एक्सडीए घ्यावं, त्यात सगळ्या ओळी सारख्या. पण डब्यावर प्रोफाइलचं नावच नसेल तर कळणार कसं?

आणि मराठीचं काय? इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या सरकारी लेआउटला तर एकही कॅप हलवावी लागत नाही, एफवर ऱ्हस्व वेलांटी, जेवर र, केवर क, नुसती छपाई हवी. तरी दुकानात जपानी अक्षरांचे सेट आरामात मिळतात (घेणाऱ्यातल्या किती जणांना वाचता येतात देव जाणे) आणि देवनागरीचे शोधत फिरावं लागतं. मिळालाच तर तो इन्स्क्रिप्टचा की जुन्या टाइपरायटरवरच्या रेमिंग्टन लेआउटचा हे लिहिलेलं नसतं, दोन्हीत अक्षरांच्या जागा पार वेगळ्या.

खरं तर नवीन कायदा नकोच आहे. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत आहेच की जिथं आकार महत्त्वाचा तिथं वस्तूची मापं पाकिटावर द्यायची, आणि आतले नग वेगवेगळ्या मापाचे असतील तर प्रत्येकाचं माप द्यायचं. कीकॅपला हे लागू नाही तर कशाला लागू? वैधमापन खात्यानं एकदा बाजारात चक्कर मारून हे डबे उलटसुलट करून बघावेत आणि विकणाऱ्यांनी स्पेसबार, शिफ्ट, एंटर, प्रोफाइल, लेआउट एवढं तरी छापून घ्यावं.

तोवर घेणाऱ्यांनी घरून निघताना आपला स्पेसबार पट्टीनं मोजावा, 118 मिमीच्या आसपास भरला तर 6.25 यू, 132 च्या आसपास भरला तर 7 यू, आणि दुकानदाराला तोच आकडा विचारावा.

एक वाचक,
धरमपेठ, नागपूर